खळ्यावरचा खड्डा

चिखलीला आमचं कार्यालय एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली बियाण्याची पाकिटं विकली जायची आणि वर आम्ही बसायचो, कुठल्या जमिनीत काय पेरू नये हे सांगणारे. जिना एकच. शेतकरी चुकून वर यायचे, बीटी कपाशीचं पाकीट मागायचे आणि आम्ही त्यांना खाली पाठवायचो. खालच्या दुकानदारानं आमच्याकडे कुणाला वर पाठवल्याचं मात्र मला आठवत नाही.

आम्ही म्हणजे पाणलोट प्रकल्पाचा चमू. कोरडवाहू कापसानं गावोगाव दगा दिला होता आणि विदर्भाबद्दल सगळीकडे हळहळ चालली होती. त्या हळहळीतून माती आणि पाणी अडवण्याच्या कामांना पैसा आला आणि आमच्यासारख्यांना नोकऱ्या मिळाल्या. चमूत आम्ही चौघं होतो. एक अभियंता, एक पशुतज्ज्ञ, एक मृदतज्ज्ञ आणि मी. आमच्या वर प्रकल्पप्रमुख, मृदसंधारणाच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शांत स्वभावाचे गृहस्थ. चमूतले बाकीचे तिघे गावासाठी ‘साहेब’ होते. मी ‘ताई’.

माझ्याकडे कृषीची पदवी होती, अकोल्याची. मृदतज्ज्ञाकडेही तीच होती, त्याच वर्षाची. मातीच्या प्रात्यक्षिकाला तो माझ्या शेजारी उभा राहायचा आणि त्याची मान कायम माझ्या वहीकडे कललेली असायची. पण माझं पद होतं महिला संघटक. चमूत बाईसाठी तेवढी एकच जागा होती. मुलाखतीत मला मातीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. लग्न झालं का, सासर कुठं, मोटरसायकलवर मागे बसता येईल का, एवढंच विचारलं. मी बसेन म्हणाले. माझं मानधन त्याच्या निम्म्याहून जरासं जास्त आहे हे मला पहिल्या महिन्यातच कळलं, कारण त्यानंच मोठ्या आनंदानं स्वतःचा आकडा सांगितला. मी जिन्यात जाऊन बसले. राग आला होता, आणि तो गिळावा लागतोय याचा आणखी राग आला होता.

हा वर्गमित्र फार दिवस टिकला नाही. त्या वर्षांत बियाण्यांच्या कंपन्या गावोगाव फिरायला पोरं शोधत होत्या. पदवी कृषीची हवी, बोलण्यात तरबेज हवा, मोटरसायकल चालवता यायला हवी. पगार भरपूर, वर पेट्रोल. मृग जवळ आला की कंपन्यांना घाई व्हायची आणि आमच्या चमूतला मृदतज्ज्ञ गळायचा. माझा वर्गमित्र गेला, मग दुसरा आला, तोही गेला, तिसऱ्यानं तर सामान पूर्ण उघडलंसुद्धा नव्हतं. खालच्या दुकानात तो कंपनीची टोपी घालून उभा असलेला दिसला तेव्हा मला हसू आवरेना. काल वर बसून जे पेरू नका म्हणत होता, तेच आज खाली उभा राहून विकत होता.

दर वेळी सर, म्हणजे आमचे प्रकल्पप्रमुख, एकच वाक्य बोलायचे, ‘‘नवीन माणूस मिळेपर्यंत ताई बघतील.’’

ताई बघायच्या. म्हणजे कुदळ, फावडं आणि पाण्याची बाटली घेऊन काळीपिवळी जीपनं गावात जायच्या, रानोरानी खड्डे घ्यायच्या, ओली माती अंगठा आणि बोटात दाबून तिची पट्टी किती लांब निघते ते पाहायच्या, खाली मुरूम कुठं लागतो ते मोजायच्या आणि कुठलं वावर हलकं, कुठलं मध्यम, कुठलं भारी ते ठरवायच्या. हलक्या रानात पाणी टिकत नाही. पावसानं ताण दिला की तिथली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आधी मान टाकते. बीटीचं महागडं पाकीट तिथं लावणं म्हणजे जुगार. हे वेळेवर कळावं म्हणून आमची सगळी खटपट.

खड्डा कुठं घ्यायचा, यात खरी गंमत असते. आपलं वावर हलकं ठरावं असं कुणालाच वाटत नाही. सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न जमिनीचाच येतो. त्यामुळे मालक मला हमखास एका ठरावीक जागी न्यायचा. ‘‘इथिसा घ्या ताई, हे मधली जागा हाय.’’ खणलं की काळीभोर, भुसभुशीत, गोड वासाची माती. मी वर बघायचे. तो दुसरीकडे बघायचा. मग मी विचारायचे, ‘‘दादा, उकिरडा कधी हलवला इथून?’’ आमचे साहेब लोक पहिले काही महिने अशा जुन्या उकिरड्यांवर खड्डे घेऊन गावंच्या गावं भारी ठरवून मोकळे झाले होते. मी रानातल्या बायांना विचारायला लागले, कोळपणीचा डवरा कुठं खडखडतो, आणि तिथं कुदळ मारायला लागले.

हे सगळं करून मान दुसऱ्याचा. आमच्याकडे शिवारवाचन म्हणून एक पद्धत होती. पेरणीच्या आधी गाव जमायचं आणि तज्ज्ञ उभा राहून एकेका शेताचा दर्जा मोठ्यानं सांगायचा. ज्याला पटणार नाही त्यानं तिथंच बोलायचं. मग सगळ्यांनी मिळून त्याच्या रानात जायचं आणि नव्यानं खड्डा खणायचा. खड्डे मी घेतलेले असायचे. वाचायला मात्र नुकताच रुजू झालेला कुणीतरी असायचा, नाहीतर अभियंता. मी मागे बायकांत बसायचे आणि तो अडला की पुढे सांगायचे.

तिसरा गेला त्या उन्हाळ्यात मी सरांसमोर जाऊन बसले. म्हणाले, ‘‘सर, मृदतज्ज्ञाची जागा मला द्या.’’

सर चष्मा पुसत म्हणाले, ‘‘बेटा, तुझ्या कामाबद्दल माझी काही तक्रार आहे का?’’

‘‘नाही. म्हणूनच मागतेय.’’

‘‘हे कंपनीवाले पोरं पळवतात, म्हणून त्या जागेचं मानधन वाढवून ठेवावं लागतं. तू काही जाणार नाहीस. तुझं घर इथं, सासर इथं.’’

मला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पण नीटच ऐकलं होतं. जो सोडून जाणार त्याला जास्त, जी राहणार तिला कमी. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्यात काहीतरी कमी धरलं जातंय, आणि इथं तर माझं टिकणंच माझ्याविरुद्ध धरलं जात होतं. 

‘‘आणि दुसरं असं,’’ सर पुढे म्हणाले, ‘‘वाचनाला लोक वाद घालतात. अंगावर येतात. बाईला ते झेपत नाही.’’

‘‘मग एक वाचन मला करू द्या. झेपलं तर जागा माझी.’’

सरांनी भिंतीवरच्या गावांच्या यादीवर बोट फिरवलं. मग म्हणाले, ‘‘धाड गावाच्या पुढचं एक गाव राहिलंय. ते कर. लोक वाद घालतील, त्यात टिकलीस तर बोलू.’’

त्या गावाचे खड्डे मी आधीच घेतले होते. वाचनाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात लिंबाखाली सतरंज्या घातल्या होत्या. अभियंता कोपऱ्यात बसला होता, सरांना जाऊन सगळं सांगायला. मी उभी राहिले आणि वाचायला लागले. पहिलं वावर हलकं. मालक मान डोलावून म्हणाला, ‘‘हाव.’’ दुसरं हलकं. ‘‘ताई म्हंतात तं असंन.’’ तिसरं मध्यम, चौथं हलकं. सगळे समंजसपणे माना हलवत होते. मी सरपंचाचं गाडीरस्त्याकडचं वावर, ज्याचा त्याला फार अभिमान होता, चक्क हलकं म्हणून वाचलं. तो हसला आणि म्हणाला, ‘‘बरोबर हाय, ताई.’’

हेच अभियंत्यानं वाचलं असतं तर सरपंच सतरंजीवरून उठून उभा राहिला असता. माझ्याशी कुणी वाद घालत नव्हतं, कारण ताईशी काय वाद घालायचा. ऐकून घ्यायचं, चहा पाजायचा आणि चिखलीला दुकानात जाऊन पाकीट आणायचं. वाद झालाच नाही तर मी टिकले कशात? अभियंता जाऊन सांगणार, सगळं गोडीगुलाबीत पार पडलं, आणि सर म्हणणार, बघ, तुला त्यांनी तज्ज्ञ म्हणून घेतलंच नाही. मी वाचत होते आणि मनात एकच चाललं होतं, कुणीतरी भांडा रे माझ्याशी.

एकानं ऐकलं. कापसाचा व्यापारी होता, त्याच गावातला मुसलमान शेतकरी, धाडच्या बाजारात त्याचा वजनकाटा होता. पंचक्रोशीत त्याचा आवाज सगळे ओळखत. त्याचं नाल्याकडचं वावर मी हलकं वाचल्याबरोबर तो म्हणाला, ‘‘ताई, राग नका मानू, पण तुमी चुकून राह्यल्या.’’

मला इतका आनंद झाला की तो लपवणं जड गेलं. मी म्हणाले, ‘‘का चुकले ते सांगा.’’

‘‘मले नाई सांगता येत. पण ते वावर हलकं नाई. माह्या बापानं हलकं वावर घेतलंच नसतं.’’

‘‘बापाचं कौतुक नंतर करू. चला, कुदळ घ्या.’’

गाव हसलं आणि उठलं. आम्ही सगळे नाल्याकडे गेलो. माझा जुना खड्डा तसाच होता. हातभरावर पिवळट, टणक थर लागलेला स्पष्ट दिसत होता. मी दाखवलं, ‘‘हा मुरूम.’’ व्यापारी गुडघ्यावर बसला, बघितलं आणि हातातली कुदळ खाली ठेवली. तिथं थांबले असते तर मी जिंकले असते. अभियंतासुद्धा वहाणा झटकून निघायच्या तयारीत होता. पण त्या थराची वरची बाजू मला खटकली. मुरूम असा सपाट नसतो. तो खालीवर असतो, मातीत मिसळत जातो. हा कुणीतरी ठोकून बसवल्यासारखा सरळ होता. मी खड्ड्यात उतरले आणि थरावर कुदळ मारली. दोनतीन घावांत तो फुटला. खाली पुन्हा काळी माती होती, आणि पुढे खणत गेलो तरी ती संपेना.

मग बाजूला खणलं. तिथं तो थर नव्हताच. पलीकडे खणलं, तिथं होता, गोलाईनं जाणारा. मी कपाळाला हात लावला. ते खळं होतं. ज्वारी मळायचं जुनं खळं, मुरूम टाकून, चोपून, सारवून, बैलांच्या पायांखाली वर्षानुवर्षं दाबलेलं. कापूस आला, ज्वारी गेली, तसं खळ्याचं कामही संपलं आणि वरून नांगर फिरला. नाल्याच्या पुरानं वर माती साचली आणि खळं खाली गेलं. मी नेमकी त्याच्यावर खड्डा घेऊन बसले होते, आणि टणक लागलं म्हणून थांबले होते. जुन्या उकिरड्यावर खणणाऱ्या साहेबांना मी इतकी हसले होते, आणि आता खळ्यावर खणून मीच बसले होते.

मी खड्ड्यातूनच मोठ्यानं म्हणाले, ‘‘मी चुकले. हे वावर भारी आहे.’’

मग सरपंच घसा साफ करत पुढे आला. ‘‘ताई, मंग माह्या वावरातबी खळं असंन.’’ त्याच्या मागून दुसरा, ‘‘आमच्यात तं दोन व्हते.’’ मघाशी माना डोलावणारं सगळं गाव आता माझ्यावर तुटून पडलं. प्रत्येकाच्या रानात खळं निघालं. काहींच्यात होतं, काहींना ते असावं अशी इच्छा होती. सरपंचानं तर माझ्यासमोर पटका झाडत भांडण मांडलं की मी त्याच्यावर डूख धरून आहे. मी म्हणाले, ‘‘सगळ्यांनी उद्यापासून आपापल्या रानात नवे खड्डे खणून ठेवा. मी एकेक वाचते. पावसाच्या आधी.’’ परतताना काळीपिवळीत मी मनातल्या मनात गुणगुणत होते.

चिखलीला सरांनी सगळं आधीच ऐकलेलं होतं. ते हळूच म्हणाले, ‘‘बेटा, भर गावात चूक कबूल केलीस. कसं व्हायचं?’’

‘‘चूक होती ती.’’

‘‘तज्ज्ञानं असं करायचं नसतं. आपण खरिपानंतर बघू.’’

घरी जाऊन मी खूप चिडले, थोडी रडलेही. पण सकाळी डोकं थंड होतं. मी कुदळ आणि फावडं सरांच्या टेबलाशेजारी भिंतीला टेकवून ठेवलं. म्हणाले, ‘‘महिला संघटकाच्या कामात खड्डे येत नाहीत. मी महिला मंडळाच्या बैठकीला जाते.’’ आणि गेले. दुसऱ्या दिवशीही बैठकीलाच गेले. आकाशात ढग जमायला लागले होते. खाली दुकानात रांग वाढत होती. मला त्या गावातले उघडे खड्डे दिसायचे आणि बैठकीत मी सारखी खिडकीबाहेर बघायचे. पावसाची एक चांगली सर आली असती तर ते बुजले असते आणि सगळ्यांनी डोळे मिटून कपाशी टोबली असती. सर हटलेच नसते तर मी काय केलं असतं? गेलेच असते, वाचलेच असते खड्डे, त्याच मानधनात. पण हे सरांना माहीत नव्हतं, आणि मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

बाजाराच्या दिवशी जिन्यावर जड पावलं वाजली. व्यापारी, सरपंच आणि मागे आणखी काही माणसं. आमच्या जिन्यानं इतकी माणसं पहिल्यांदाच बघितली असतील. व्यापारी दारातूनच म्हणाला, ‘‘मातीवाल्या ताई काऊन नाई येऊन राह्यल्या? खड्डे खणून ठेवले, माणसं थांबून राह्यले.’’

सरांनी खुर्च्या पुढे केल्या. ‘‘उद्या अभियंता साहेबांना पाठवतो.’’

‘‘नाई जी. साहेबाले चुकले म्हटलं का साहेब चिडतात. ह्या बाई कुदळ मागतात. आमाले ह्याच पायजेत.’’

सर माझ्याकडे वळले. ‘‘ताई, जाऊन या.’’

मी जागेवरून उठले नाही. म्हणाले, ‘‘मृदतज्ज्ञ म्हणून जाते, सर. पदावर आणि मानधनावर.’’

‘‘हे आत्ता, सगळ्यांसमोर?’’

‘‘आत्ताच. पाऊस खरिपानंतर बघू म्हणत नाही.’’

सरपंच सतरंजीवरच्यासारखा समंजस चेहरा करून छताकडे बघत होता. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. ते वाईट नव्हते. इतकी वर्षं नोकरी करून त्यांच्या मनात जागांचा एक नकाशा पक्का झाला होता आणि तो खोडायला त्यांना माणसं समोर उभी लागली. ते उठले, भिंतीची कुदळ उचलली आणि माझ्या हातात दिली. ‘‘जा. या महिन्यापासून.’’ महिनाअखेरीस मानधन पाहिलं, ते माझ्या वर्गमित्राला मिळायचं तेवढंच होतं. मी ते दोनदा पाहिलं.

त्या गावाचे खड्डे पावसाआधी वाचून झाले. सरपंचाच्या वावरात खळं निघालं नाही. तो आजही म्हणतो की मी नीट खणलं नाही. हलक्या रानात काहींनी ज्वारी आणि तूर घेतली. बऱ्याच जणांनी तरीही बीटीच लावली. मी सांगितलं म्हणून जग बदललं असं काही नाही.

मात्र एक गोष्ट राहिली. माझ्या जुन्या जागेवर, महिला संघटक या पदावर, सरांनी एक मुलगा घेतला. पदाच्या नावातला ‘महिला’ गेला आणि मानधन वाढलं. मी विचारलं तर सर सहज म्हणाले, ‘‘अगं, त्याला घर चालवायचंय.’’

मी समोरची खुर्ची ओढून बसले. सरांनी उसासा टाकला. मला ओळखायला लागले होते ते. मी म्हणाले, ‘‘त्याला द्या, माझी ना नाही. पण हा मृगाच्या आधी कंपनीत जाणार. त्यानंतर इथं मुलगी आली तर मानधन खाली यायचं नाही. आत्ता कबूल करा, मग मी उठते.’’ चहा आला, गार झाला, दुसरा आला. शेवटी ते म्हणाले, ‘‘बरं बाई, कबूल.’’ मी उठले.

मुलगा गेला, मृगाच्याही आधी. त्याच्या जागी लोणारकडची एक मुलगी आली, नुकती शिकून बाहेर पडलेली. मानधन खाली आलं नाही. पहिल्याच दिवशी मी तिला सोबत घेऊन एका रानात गेले. खड्डा घेतला, माती दाबून पाहिली आणि म्हणाले, ‘‘हे मध्यम.’’

ती खड्ड्यात वाकून बराच वेळ बघत होती. मग मान वर करून म्हणाली, ‘‘ताई, मला नाही पटत.’’

मी तिच्या हातात कुदळ दिली.